नानांच्या दारचा कांचन

असोद्यात तोताराम नानांचं घर कुणालाही विचारा. विचारलेला माणूस मोटरसायकल थांबवेल, एक पाय जमिनीला टेकवेल आणि हात लांब करून सांगेल, "ते काय, आपट्याचं झाड दिसते ना, त्याच्या बाजूले." पत्ता चोख आहे. याच पत्त्यावर टपाल येतं, पाहुणे येतात, गॅसचं सिलिंडर येतं. चूक आहे ती एवढीच, की नानांच्या दारात आपट्याचं झाडच नाही. ते झाड कांचनाचं आहे. ही गोष्ट गावात एकाच माणसाला ठाऊक आहे आणि नेमकं त्याचंच कुणी ऐकत नाही.

आता खरं सांगायचं तर दोष लोकांना तरी किती द्यावा? आपटा आणि कांचन हे एकाच घराण्यातले चुलतभाऊ. दोघांचंही पान मधोमध दुभंगलेलं, उंटाच्या पावलासारखं. फरक इतकाच, की आपट्याचं पान लहान, जाडसर आणि खरबरीत. कांचनाचं तळहाताएवढं आणि गुळगुळीत. फुलं आली की मात्र आंधळ्यालाही फरक कळावा. आपट्याचं फूल बारीक, पिवळट, आलं कधी नि गेलं कधी ते समजत नाही. कांचनाचं फूल म्हणजे लग्नातली करवली, गुलाबी-जांभळी, ऐसपैस, आपल्याकडे सगळे बघताहेत याची पुरेपूर जाणीव असलेली. पण हे फूल नीट उमलायचं ते दसऱ्यानंतर, दिवाळीच्या सुमाराला. आणि दसऱ्याला अख्खं गाव 'सोनं' म्हणून ते झाड ओरबाडून नेतं. त्यामुळे नानांच्या बाजूचा पुरावा दरवर्षी उमलायच्या आधीच नाहीसा होतो.

नाना विजेच्या खात्यात वायरमन होते. पावसाळा तोंडावर आला की तारांखालच्या फांद्या छाटत गावोगाव हिंडायचे. बायका अंगणातून ओरडायच्या, "वायरमनभाऊ, माह्या शेवग्याले हात लावू नका हो!" नाना शिडीवरूनच समजूत घालायचे, "अक्का, फांदी काय, परत येते. लाईट गेली तं लवकर येत नही." या वाक्याच्या जोरावर त्यांनी अर्ध्या तालुक्याचे शेवगे, हादगे आणि कडुनिंब बोडके केले. आपल्यालाही कधी झाडाचा लळा लागेल, असं त्या वेळी त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी शिडीवरूनच हात जोडले असते.

लळा लागला तो यशोदा अक्कांमुळे. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा नाना पाळण्यात होते आणि अक्का परकर सावरत चूल पेटवायला शिकत होत्या. बोदवडजवळच्या शेतातल्या घरात या मुलीनं भावाला वाढवलं. लग्न होऊन ती एदलाबादला, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरला निघाली, तेव्हा बैलगाडीत तिच्या मांडीवर तोताराम होता. इतर नवऱ्या आंदणात भांडी आणतात, हिनं भाऊ आणला. सासरच्यांनी एकदा गाडीत डोकावून पाहिलं, भांडी कुठं दिसतात का बघितलं, आणि मुकाट्यानं दोघांनाही उतरवून घेतलं.

बोदवडच्या त्या शेतात विहिरीला लागून एक कांचन होता. त्या झाडाचं सगळंच उपयोगी पडायचं. पानं शेळी खायची. घसा धरला की सालीच्या काढ्याच्या गुळण्या. फुलं देवाला. आणि उमलायच्या आधीच्या टपोऱ्या कळ्यांची भाजी. कळ्या उकडायच्या, घट्ट पिळून कडवट पाणी काढून टाकायचं, कांद्यावर परतायच्या, लसूण-मिरचीचा ठेचा, वरून शेंगदाण्याचा कूट. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. घरात दुसरं काही नसेल त्या दिवशी ही भाजी व्हायची, म्हणजे कळ्यांच्या दिवसांत जवळपास रोजच. पुढे ती विहीर आटली, झाड गेलं, शेत विकलं गेलं. भाजीची चव मात्र अक्कांच्या तोंडातून गेली नाही.

निवृत्तीनंतर नानांनी रोपवाटिकेतून मुद्दाम कांचनाचं रोप आणलं ते यासाठी. बहिणीनं आयुष्यभर खाऊ घातलं, आपण तिला एकदा तरी ती भाजी माहेरी बोलावून वाढायची. आता नानांचं घर हेच अक्कांचं माहेर. बेत साधा होता. झाड वाढेल, कळ्या येतील, दिवाळीला अक्का येईल. झाड वाढलं. कळ्या आल्या. मध्ये दसरा आला.

पहिल्या खेपेला नानांनी समजुतीचा मार्ग धरला. एका हातात आपट्याचं पान, दुसऱ्यात कांचनाचं, असे ते मारुतीच्या पारावर गेले. शेजारचे जीवराम आबा तिथं बसले होते. यांची केळीची बाग आहे आणि कुठल्याही विषयावर शेवटचं वाक्य आपलंच असावं असा यांचा नेम आहे.

"आबा, पाह्य. हे आपट्याचं. हे माह्या झाडाचं. फरक दिसते का?"

"दिसते ना. तुमचं मोठं हाये."

"बरोबर!"

"आनि आपट्याचं लहान."

"तेच तं म्हंतो मी!"

"मंग नाना," जीवराम आबांनी शांतपणे विचारलं, "मोठं सोनं सोडून लहान कोन घेईन?"

पारावरच्या सगळ्यांना हे पटलं. वाईट म्हणजे, त्या वर्षी नानांच्या दारी दोन गल्ल्या जास्त आल्या.

पुढच्या खेपेला नानांनी पाटी लावली. लाल रंगात 'हा आपटा नाही' असं लिहायला घेतलं. 'आपटा' जोरात आला, 'नाही'साठी जागा उरली नाही, ते खाली कोपऱ्यात बारीक बसवलं. रस्त्यावरून दिसायचा तो आपटा. ज्यांना इतके दिवस ठाऊक नव्हतं त्यांचीही सोय झाली. त्यानंतर बुंध्याला बाभळीचे काटे बांधून पाहिले. लोकांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून वरूनच शेंडे मोडले. गेल्या वर्षी नाना स्वतः खुर्ची टाकून राखणीला बसले आणि एक कप चहा प्यायला घरात गेले. चहा गरम होता एवढंच त्यांच्याकडून चुकलं.

या सगळ्यात घरातूनही आधार नाही. कोकिळाबाई, म्हणजे नानांची मंडळी, यांचं म्हणणं सरळ असतं. "एकदाचं बुडापासून तोडून टाका. मंग कोन्ही तोडनार नही." समोरच्या भिकुबाई माहेरच्या धुळ्याकडच्या. घसा बसला की सालीचा तुकडा मागायला हक्कानं येतात आणि साल खरवडता खरवडता नानांनाच शिकवतात, "नाना, हाई आपटाच शे. मन्हा माहेरले बठ्ठा लोके हाईच पान वाटतस." म्हणजे आता नानांच्या विरोधात अख्खा धुळे जिल्हासुद्धा.

यंदा मात्र गोष्ट हट्टाची राहिली नव्हती. उन्हाळ्यात अक्का आजारी पडल्या. बऱ्या झाल्या, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. ताटावर बसायच्या, दोन घास चिवडायच्या आणि हात धुवायच्या. सुनेनं आमटी करून पाहिली, शेवभाजी करून पाहिली, वांग्याचं भरीत केलं. खानदेशी बाईला भरीत नको झालं म्हणजे घरात काळजीनं सगळे एकमेकांकडे बघू लागतात. आणि फोनवर नानांना मात्र एकच प्रश्न.

"तोता, कांचनाले कळ्या आल्या का रे?"

"येतीन अक्का. दिवाळीले ये तू. यंदा नक्की."

"दर साली नक्कीच म्हंतो तू. मी काय दर साली राहू रायली का आता?"

हे ऐकल्यापासून नानांचा घास अडकू लागला. म्हणजे दोन घरांत दोन माणसं अर्धपोटी राहायला लागली, एक मुक्ताईनगरला, एक असोद्याला.

यंदा नानांनी शेवटचा डाव टाकला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते जळगावच्या बाजारात गेले आणि खऱ्याखुऱ्या आपट्याच्या फांद्यांची दोन पोती भरून घेऊन आले. सकाळी पोती फाटकाशी उघडी करून ठेवली. ज्याला सोनं पाहिजे त्यानं यातून न्यावं, हवं तेवढं न्यावं, फक्त झाडाला हात लावू नये. मग काठी घेतली, झाडाखाली खुर्ची टाकली आणि या वर्षी चहा बाहेरच मागवला.

पहिले आले जीवराम आबाच. पोत्यात हात घातला, एक पान काढलं, उन्हात धरलं.

"नाना, हे फुकट कामून वाटू रायले?"

"झाडाले हात लागू नही म्हनून."

"इकत आनलं?"

"हो."

"बाजारातून?"

"हो रे बाबा."

आबांनी पोत्याकडे पाहिलं. मग वर झाडाकडे पाहिलं. शेंड्याशेंड्याला कळ्यांचे झुबके लागले होते, हिरवे, बोटाच्या पेराएवढे, नुकते भरायला लागलेले. आबांचा चेहरा हळूहळू उजळला. "बरं बरं," म्हणाले, आणि पान पोत्यात परत ठेवून निघून गेले.

आबा पान परत ठेवतात याचा अर्थ नानांच्या लक्षात यायला हवा होता. आला नाही. दुपारपर्यंत गावभर झालं ते असं: तोताराम नाना घरचं सोनं राखायला बाजारचं सोनं फुकट वाटताहेत. मग घरचं सोनं काय प्रतीचं असेल! कुणी म्हणालं, तो देवआपटा आहे. कुणी म्हणालं, ते पान तिजोरीत ठेवलं तर वर्षभर बरकत. दोन पोती तशीच पडून राहिली. एक शेळी येऊन थोडं खाऊन गेली, तेवढाच काय तो उठाव.

चार वाजले तरी फाटकाशी कुणी फिरकेना. नानांना आनंद झाला. जिंकलो, असं वाटलं. त्यांनी फोन काढला, अक्कांना कळवायला. तो फोन वाजतच राहिला, कुणी उचलला नाही.

सीमोल्लंघन करून गाव परतलं आणि माणसं यायला लागली. दसऱ्याला वडीलधाऱ्यांना सोनं द्यायचं, पाया पडायचं. नाना गल्लीत वयानं थोर. पहिला आला गल्लीतला एक पोरगा. वाकला, हातात फांदी ठेवली. "सोनं घ्या नाना, सोन्यासारखे राहा." नानांनी आशीर्वाद दिला. दुसरा आला. तिसरी आली भिकुबाई, पदर घेऊन, चांगली भरगच्च डहाळी घेऊन. नानांनी ती हातात घेतली. पान मोठं होतं. गुळगुळीत होतं. डहाळीच्या टोकाला हिरव्या कळ्यांचा झुबका होता.

"भिकुबाई, हे कोठून आनलं?"

"मांगेतीन," भिकुबाई सरळपणानं म्हणाल्या.

घराच्या मागे एक बोळ आहे. झाडाचा बहुतेक घेर तिकडे झुकलेला. नाना पुढे काठी घेऊन बसले होते आणि गाव मागे फांद्या वाकवत होतं. मागून तोडायचं, वळसा घालून पुढे यायचं आणि नानांच्याच पायाशी ठेवायचं! राग असा उसळला, की नानांनी काठी घट्ट धरली. पण समोरचा माणूस वाकलेला. पाया पडणाऱ्याच्या पाठीत काठी कशी घालायची, याचं शास्त्र अजून कुणी लिहिलेलं नाही. नानांच्या तोंडून आपोआप निघालं, "सुखी राहा."

आणि मग रांगच लागली. "सोनं घ्या नाना." "सुखी राहा." "सोनं घ्या." "औक्षवंत व्हा." एका हातानं डोळ्यातलं पाणी पुसावं आणि दुसऱ्यानं आपलंच झाड फांदी-फांदीनं परत घ्यावं. लोकांना वाटलं, नाना गहिवरले. पायाशी ढीग वाढत गेला, डोक्यावरची सावली कमी होत गेली. शेवटी जीवराम आबा आले, मोठीच्या मोठी फांदी घेऊन. नानांचा बांध फुटला.

"आबा, तुम्हाले तरी समजाले पाह्यजे होतं! कळ्या होत्या त्याले! माह्या बहिनीसाठी राखल्या होत्या!"

जीवराम आबांनी खांद्यावर हात ठेवला. "नाना, कामून जीवाले लावून घेता? फांदी काय, परत येते. तुम्हीच तं माह्या हादग्याच्या वक्ताले सांगेल होतं."

नाना खुर्चीत बसले.

इतक्यात गल्लीत हॉर्न वाजला. झेंडूच्या माळा घातलेली नवीकोरी गाडी येऊन थांबली. अक्कांचा नातू योगेंद्र. दसऱ्याच्या मुहूर्तावर जळगावला गाडी घ्यायला आला होता आणि गाडीत सगळ्यांत आधी आजी बसावी म्हणून अक्कांना बरोबर घेऊन आला होता. अक्का उतरल्या. वाळल्या होत्या. डोळ्यांना आता धूसर दिसतं, तरी नातवाचा हात झटकला आणि फाटकातून एकट्या आल्या. फाटकाजवळ एकच फांदी शिल्लक होती, खालची, नानांच्या अगदी डोळ्यांसमोरची, सबंध दिवस काठीच्या टप्प्यात राखलेली. अक्कांनी अंदाजानं हात वर केला, ती वाकवली आणि काडकन मोडली.

"घे तोता, सोनं घे."

नाना उभे राहिले. एवढ्या वर्षांत एवढं सगळं सोसलं. पण हा शेवटचा घाव जिच्यासाठी राखलं तिनंच घातला. तिच्यावर काय ओरडणार? त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

अक्कांनी फांदी दिली नाही. त्यांचा अंगठा पानावरून फिरत होता. मग टोकाकडे गेला. कळ्यांपाशी थांबला.

"हे आपट्याचं नोहे," अक्का म्हणाल्या.

असोद्यात हे वाक्य दुसऱ्या माणसाच्या तोंडून नानांनी प्रथमच ऐकलं.

"नोहेच, अक्का! नोहेच! मी सांगून सांगून मेलो! हे तुह्यं झाड हाये!"

"मंग लोकायले तोडू कामून देलं? येडा हाये का तू? नोकरीत राहून एवढी अक्कल नही आली?"

गावासमोर सत्तरीच्या माणसाला अशी बोलणी बसली आणि नानांना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. अक्कांनी पायानं चाचपलं, ढीग लागला. तिथंच बसकण मारली, पहिली डहाळी मांडीवर ओढली आणि कळ्या खुडून पदरात टाकायला लागल्या.

"अक्का, ते देवाचं सोनं हाये," कोकिळाबाई घाईनं म्हणाल्या. "शिजवता का कोन्ही?"

"सकायपर्यंत सुकून जाईन. देव काय करीन त्याचं? परात आन."

मग भिकुबाई बसल्या. मग आणखी दोघी-तिघी. सोनं द्यायला आलेल्या बायका सोन्यातून कळ्या निवडायला लागल्या, आणि पाया पडून जाणारी माणसं उगाच घुटमळायला लागली. अक्कांच्या तोंडाचा पट्टा चालूच. कुणाची डहाळी लहान, कुणी पानंच आणली आणि कळ्या मागे टाकल्या, यावरून अख्ख्या गल्लीची खरडपट्टी. जीवराम आबांच्या फांदीला सगळ्यात जास्त कळ्या निघाल्या, तेव्हा त्यांनी नानांकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू हे सगळं त्यांनी याचसाठी केलं होतं.

परातभर कळ्या उकडल्या आणि पिळल्या तेव्हा कढईच्या तळाला आल्या. फोडणी अक्कांनीच दिली, पाटावर बसून, कुणाला जवळ येऊ न देता. कळण्याचं पीठ कोकिळाबाईंकडे होतंच. पहिला घास अक्कांनी घेतला तेव्हा नाना दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

अक्का बराच वेळ चावत राहिल्या.

"कवळ्या हायेत," म्हणाल्या. "दिवाळीलोक राहाले पाह्यजे होत्या. कडू लागते."

पण अक्कांनी दुसरा तुकडा मोडला. मग तिसरा. बोलत नव्हत्या, वर पाहत नव्हत्या. भाकरी अर्धी झाली, मग पाव उरली, मग ताटात नुसते कण उरले. योगेंद्रनं मामाआजोबांचा दंड धरला आणि हळूच म्हणाला, "उन्हाळ्यापासून अशी जेवली नाही हो ती."

माहेरवाशिणीचा स्वभाव मात्र नडला. अक्कांनी दारातल्या प्रत्येकाला बोलावलं. "या, घ्या, निवडाले बसल्या होत्या ना!" प्रत्येकाच्या तळहातावर भाकरीचा तुकडा आणि वर चिमूटभर भाजी. भिकुबाईंनी डोळे मिटले. जीवराम आबांनी बोटं चाटली, पुन्हा चाटली आणि झाडाच्या उरलेल्या सांगाड्याकडे असं पाहिलं, की नानांच्या अंगावर काटा आला.

"नाना," आबा म्हणाले, "हे तं गयरं चांगलं लागते. पुढच्या साली पानं नही तोडत आम्ही. नुस्त्या कळ्याच नेऊ."

"मीबी एक टोपलं लिसू," भिकुबाईंनी नाव नोंदवलं.

नाना ताडकन पुढे आले. "कळ्या? कोनत्या कळ्या? अरे, आपटा हाये तो! आपट्याच्या कळ्या कोन्ही खाते का? इचारा कोनालेही, अख्खं गाव सांगीन, आपटा हाये!"

"नाना," जीवराम आबांनी समजुतीच्या सुरात म्हटलं, "कांचन हाये तो. अक्कायनं हातात घेऊन सांगलं. तुम्हाले काय त्यायच्यापक्षा जास्त समजते?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तोच स्वयंपाकघरातून हाक आली.

"तोता, आजून हाये का रे थोडी?"

नानांनी वाटायला बाहेर आणलेल्या कढईत पाहिलं. कढई पुसून घेतल्यासारखी स्वच्छ होती. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला चिमूटसुद्धा आली नव्हती. "आनतो अक्का, थांब," ते ओरडले, आणि बाहेर जाऊन, लावल्यापासून पहिल्यांदाच, आपल्या झाडाची एक फांदी स्वतःच्या हातानं खाली वाकवून तिला कुठं एखादी कळी उरली आहे का ते बघायला लागले.